रंगमंचाच्या छायाचित्रणासाठी वापरलेला डी४ घ्यावा का?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपल्याकडे लहान सेन्सरचा निकॉन डी५३०० कॅमेरा आहे, त्याबरोबर १८-१४० आणि फुल फ्रेमला (डी४ सारख्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) चालणारी ७०-३०० अशा दोन लेन्स आहेत. पुरुषोत्तम करंडकाच्या तयारीत असलेल्या महाविद्यालयीन संघांच्या रंगीत तालमी आपण टिपता आणि मंद प्रकाशातील चित्रे दाणेदार किंवा हललेली येतात. एका वृत्तछायाचित्रकाराचा २ लाख १० हजार क्लिक (शटरच्या उघडझापी) झालेला निकॉन डी४ ६५ हजारांत मिळतो आहे आणि आपली एकूण तरतूद ७० हजारांची आहे. माझे मत स्पष्ट आहे: आज तो घेऊ नये. २०१२ सालचा असला तरी डी४ हा अतिशय समर्थ कॅमेरा आहे, परंतु आपली मुख्य अडचण लेन्सपाशी आहे आणि ६५ हजार बॉडीवर (लेन्सविना कॅमेऱ्यावर) खर्च केल्यावर लेन्ससाठी जवळपास काहीच उरणार नाही.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. आपण पाठवलेल्या चित्राची नोंद १/२५० सेकंद, एफ/५.६ (लेन्सचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा लहान तेवढा प्रकाश अधिक) आणि आयएसओ ६४०० (प्रकाशाची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे वाढतात) अशी आहे. तीच ७०-३०० डी४ वर लावली, तर अ‍ॅपर्चर तेवढेच राहील, शटरचा वेग कमी करता येणार नाही आणि आयएसओही ६४०० च राहील. फायदा होईल तो सेन्सरच्या आकाराचा. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ आपल्या सेन्सरच्या साधारण २.३५ पट असते, म्हणजे दाणे कमी दिसण्याच्या दृष्टीने एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा अधिक लाभ. याउलट, डी५३०० वरच ‘८५ एमएम एफ/१.८ जी’ ही लेन्स लावून एफ/२ वर चित्र घेतले, तर एफ/५.६ च्या तुलनेत पूर्ण तीन स्टॉप, म्हणजे आठपट प्रकाश मिळतो आणि आयएसओ ६४०० वरून ८०० वर येतो. एवढा फरक केवळ बॉडी बदलून पडत नाही.

ही लेन्स आपल्या सेन्सरवर फुल फ्रेमवरील साधारण १२७ एमएमसारखे दृश्य देते. रंगमंचापासून ८ मीटरवर बसून कॅमेरा उभा धरला, तर सव्वादोन मीटर उंचीची चौकट मिळते आणि उभ्या नटाची संपूर्ण आकृती तीत व्यवस्थित मावते. मर्यादा एकच आणि ती आधी माहीत असावी: त्या अंतरावर एफ/२ ला स्पष्टतेची खोली सुमारे ७० सेंटीमीटरच असते, त्यामुळे मागेपुढे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाची निवड करावी लागते. खरेदी करताना लेन्सवर ‘जी’ हे अक्षर आहे याची खात्री करावी. जुनी ८५ एमएम एफ/१.८ डी स्वस्त मिळते, परंतु डी५३०० मध्ये फोकसची मोटर नसल्यामुळे तिच्यावर ऑटोफोकस चालणार नाही.

आता डी४ चा आणखी थोडा विचार. त्यात सीएफ आणि एक्सक्यूडी या प्रकारच्या कार्डांची एकेक खाच आहे, बॅटरी वेगळी लागते आणि आपली एसडी कार्डे व बॅटऱ्या त्याच्यासाठी निरुपयोगी ठरतात. १८-१४० लावल्यास सेन्सरचा केवळ मधला भाग वापरला जातो. बॅटरीसह वजन १३४० ग्रॅम आहे. शांत प्रसंगात त्याच्या शटरचा आवाज पुढच्या तीन रांगांना ऐकू जातो, आणि नाटक पाहणाऱ्यांच्या दृष्टीने मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

क्लिकच्या आकड्याला मात्र आपण घाबरू नये. डी४ चे शटर ४ लाखांपर्यंत तपासलेले आहे, तेव्हा २ लाख १० हजार हे त्याचे अर्धे आयुष्य झाले. कॅमेरा कसा सांभाळला गेला, हे आकड्यापेक्षा अधिक बोलके असते. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी एक वापरलेली बॉडी घेतली होती. क्लिक अगदी कमी होते, परंतु सीएफच्या खाचेतील एक पिन वाकलेली होती आणि तिसऱ्या दिवशी एका लग्नातील अर्धी चित्रे गेली. विकणाऱ्यासमोर टॉर्च लावून ती खाच मी पाहिली नव्हती. ते दुःख मला आजही आहे, म्हणूनच हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

माझा सल्ला असा की आधी लेन्स घ्यावी, उरलेली रक्कम बाजूला ठेवावी आणि पुढे सवडीने निकॉनचाच फुल फ्रेम डी७५० शोधावा. तो २०१४ साली आला, २४ मेगापिक्सेलचा आहे, एसडी कार्डावरच चालतो, वजनाला हलका आहे आणि त्यात शटरचा आवाज सौम्य करणारी सोय आहे. त्याच्या काही नगांच्या शटरबाबत निकॉनने जाहीर सूचना काढून ते बदलून दिले होते, म्हणून अनुक्रमांक कंपनीकडे तपासून घ्यावा. शटर १ लाख ५० हजारांपर्यंत तपासलेले असल्याने क्लिक ६०-७० हजारांच्या आत असावेत. पूर्ण निःशब्द मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचा मोह होईल, परंतु त्याच्या निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटरवर रंगमंचाच्या एलईडी दिव्यांखाली चित्रांत आडवे पट्टे उमटू शकतात.

बॉडी पाहायला दिवसा जावे आणि स्वतःची लेन्स व कार्ड न्यावे. पांढऱ्या भिंतीचे फोकस मुद्दाम बिघडवून एफ/१६ वर चित्र घेतले की सेन्सरवरील धूळ आणि तेलाचे डाग दिसतात. झाकण लावून ३० सेकंदांचे चित्र घेतले की बिघडलेले पिक्सेल दिसतात. दोन्ही कार्डांच्या खाचा, फ्लॅशची जागा, प्रत्येक बटण आणि खालच्या स्क्रूंवर उघडल्याच्या खुणा पाहाव्यात. कॅमेरा कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढून आला असेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये आणि लेन्सच्या काचांत बुरशीचे धागे आहेत का, हे टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात नक्की पाहावे. शेवटी तिथेच काढलेली एक मूळ जेपीईजी फाइल घरी आणून तिच्यात नोंदलेली क्लिकची संख्या तपासावी आणि तोवर पूर्ण रक्कम देऊ नये.