तळं गळतंय? पोती आणण्याआधी बादली ठेवा
प्लास्टिक आणि सिमेंट नको, मासे-बेडूक जगले पाहिजेत, पाणी मात्र आठवड्याला वीतभर उतरतंय. तर भरल्या तळ्यात बेंटोनाइट (भिजल्यावर फुगणारी चिकण माती, पोत्यांत मिळते) ओतलं तर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नाही भागणार. मी हेच करून बसलोय: महिनाभर पाणी दुधासारखं पांढरं, आणि पातळी आपली उतरतच होती.

आधी गळतंय की आटतंय ते बघा. बादली पाण्याने भरून काठालगत अशी उभी करा की आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील. दोन्हीकडे खूण करा, बिनपावसाचे दोन दिवस जाऊ द्या. बादलीतलं उतरलं ते उन्हाने नेलं; बाहेर त्याहून जास्त उतरलं तेवढी गळती. वीतभर म्हणजे दिवसाला 3 सेंटीमीटर, एवढं काही ऊन पीत नाही.

मग पाणी उतरू द्या आणि कुठे थांबतं ते पाहा. एका ठरावीक उंचीवर थबकलं, तर गळती त्या रेषेच्या जरा वरच्या पट्ट्यात आहे आणि खालचा तळ शाबूत आहे. माझ्याकडे त्या पट्ट्यात खेकड्यांची बिळं निघाली! अख्खा तळ उकरायची गरजच नव्हती.

आता दुरुस्ती. त्या पट्ट्यातली मुळं, दगड काढा. ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबत पुढे सरकवा. न तुटता 5 सेंटीमीटरच्या पुढे पट्टी निघाली तर चिकण अंश चांगला आहे, नुसत्या चोपण्यानेही काम होऊ शकतं. माती वाफशावर हवी: मुठीत गोळा होतो, पण हाताला राड लागत नाही. वीतभर उकरा आणि 15 सेंटीमीटरच्या थरांनी धुम्मसने चोपा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धी गळती इथेच थांबते.

माती वालुकामय असेल तरच बेंटोनाइट. तेही सोडियम जातीचं. ते भिजल्यावर कोरड्या आकाराच्या दहापट-पंधरापट फुगतं, कॅल्शियम जातीचं त्यामानाने फारच कमी. चौरस मीटरला 5 ते 15 किलो, जितकी वाळू जास्त तितकं जास्त. कोरड्या तळावर पसरून वरच्या 10-15 सेंटीमीटर मातीत कालवा, चोपा, वर साध्या मातीचा थर द्या. पाणी खारं किंवा फार जड असेल तर ते नीट फुगत नाही. तळं दरवर्षी कोरडं पडत असेल तर थराला भेगा जातात, हेही धरून चाला.

शेण आणि ओला पालापाचोळा पसरून, वर माती दाबून, दोन-तीन आठवडे हवा न लागता कुजवायचीही एक रीत आहे. जिवाणूंचा बुळबुळीत थर मातीची छिद्रं बुजवतो. नव्या तळ्यात ठीक. मासे असलेल्या पाण्यात मी करणार नाही, शेवाळ माजतं.

बांधाच्या खालच्या अंगाला ओल आहे, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मला काळजी त्याचीच वाटते. तिथलं पाणी काचेच्या बाटलीत धरा. गढूळ असेल तर पाण्याबरोबर माती चाललीय, बांधाच्या पोटात नळी पडतेय. अमेरिकेतलं टेटन हे मातीचं धरण 5 जून 1976 ला असंच गेलं. सकाळी गढूळ पाणी दिसलं आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. तुमचा बांध त्यामानाने चिमुकला, नियम तोच. लगेच पाणी कमी करा, खालच्या बाजूची माणसं हलवा आणि जाणकार अभियंत्याला बोलवा.

बाटलीतलं पाणी स्वच्छ असलं तरी ओलीच्या जागी खालून बूच मारू नका, बांधात दाब वाढतो. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची; त्यासाठी आधी वाळू, तिच्यावर खडी. आणि बांधावर मोठं झाड असेल तर तोडून मोकळे होऊ नका. मुळं कुजली की त्यांच्याच नळ्या होतात.

बादलीचा आकडा आणि बाटलीचा फोटो इथे टाका, मग किती माल लागेल ते काढू.