कर्ज बँकेनं नाकारलं, पण भांडायचं कुणाशी?

प्रश्न: दुचाकीचं कर्ज मी २०१९ मध्ये फेडलं. फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र माझ्याकडे आहे, तरी क्रेडिट रिपोर्टमध्ये तीन हप्ते थकीत दिसतात. शिवाय मेहुण्याच्या दुकानाच्या कर्जाला मी जामीन आहे. त्याचे हप्ते थकले, तेही माझ्याच रिपोर्टमध्ये आलंय. त्या कर्जातला एक रुपयाही मी घेतलेला नाही. आता बँकेनं गृहकर्ज नाकारलं. ‘सिबिल खराब आहे’ एवढंच तोंडी सांगितलं. फ्लॅटसाठी दिलेलं दोन लाखांचं टोकन बुडालं. बँकेला ग्राहक मंचात खेचता येईल का?

उत्तर: खेचता येईल, पण हाती काही लागणार नाही. कुणाला कर्ज द्यायचं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो. समोर आलेला रिपोर्ट पाहून तिनं ‘नाही’ म्हटलं, तर ती सेवेतली त्रुटी ठरवणं फार अवघड. रिझर्व्ह बँकेचा लोकपालही अशा निर्णयात हात घालत नाही. (मंचाचं नाव २०२० पासून ‘आयोग’ झालंय. बोलताना मीही मंचच म्हणतो, तक्रारीत मात्र आयोग लिहा.)

बँकेकडून तुम्हाला एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे नकाराचं कारण लेखी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जाचा अर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे, कर्ज कितीही रकमेचं असो. शाखेत अर्ज द्या, पोच घ्या. प्रोसेसिंग फीचा किती भाग परत मिळतो, तेही त्याच अर्जात विचारा. हा कागद का महत्त्वाचा, ते पुढे सांगतो.

तुमचं खरं भांडण दुचाकीच्या फायनान्स कंपनीशी आहे, आणि तिथं तुमची बाजू भक्कम आहे. ना-हरकत पत्र आहेच. आरसी बुकवरचा बोजा उतरवला असेल, तर त्यासाठी कंपनीनं फॉर्म ३५ वर सही केली असणार. म्हणजे देणं संपल्याचं तिनं आरटीओला कळवलं आणि क्रेडिट कंपनीला, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट तयार करणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीला, कळवायचं राहिलं. शेवटच्या हप्त्याची नोंद असलेलं बँक स्टेटमेंट जोडा आणि फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा. त्याच दिवशी क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर ‘डिस्प्यूट’, म्हणजे चुकीच्या नोंदीवरची हरकतही नोंदवा. नुसतं सिबिल पाहून थांबू नका. एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या तिघींचेही रिपोर्ट काढा. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. एकीकडे चूक सुधारली आणि दुसरीकडे तशीच राहिली, तर पुढची बँक नेमका तोच रिपोर्ट उघडेल.

तक्रारीची तारीख जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे. यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. तिनं ते घालवले तर भरपाई तिनं द्यायची. तिनं वेळेत कळवूनही क्रेडिट कंपनी अडून बसली, तर क्रेडिट कंपनीनं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत आणि तिथं फी नाही. एकाच वेळी लोकपालाकडे आणि आयोगात मात्र जाऊ नका. प्रकरण न्यायालयात किंवा आयोगात असेल, तर लोकपाल तक्रार घेत नाही.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. क्रेडिट माहितीच्या २००५ च्या कायद्यात लवादाची तरतूद आहे, तिच्यावर बोट ठेवून समोरचा वकील ‘हा विषय आयोगाचा नाही’ म्हणेल. ग्राहक कायद्याचा उपाय इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्याऐवजी नाही, हे कलम १०० मध्ये लिहिलंय. तुमचं उत्तर तेच.

आता न आवडणारी गोष्ट. मेहुण्याच्या कर्जाची नोंद चुकीची नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, असं करार कायद्याचं कलम १२८ सांगतं. पैसे कुणी वापरले, याला तिथं किंमत नाही. सही करताना आपण ‘नुसती सही’ म्हणतो, कायदा तसं म्हणत नाही. ही नोंद सुधारायची तर थकबाकी भरणं, एवढाच मार्ग. मेहुण्याला जमत नसेल आणि तुम्ही भरलीत, तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे. घरात तो वापरायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. ‘सेटलमेंट’ करून कमी रकमेत मिटवायचा मोह मात्र टाळा. रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि बँका त्याला नाक मुरडतात.

लेखी कारणाचं महत्त्व इथंच आहे. दोन लाख मागायला गेलात, की फायनान्स कंपनी म्हणणार, ‘आमची चूक नसती तरी जामिनाच्या थकबाकीमुळे कर्ज नाकारलंच असतं.’ बँकेच्या पत्रात दुचाकीच्या हप्त्यांचा स्पष्ट उल्लेख असेल तर लढता येईल. फक्त जामिनाचा असेल, तर टोकनची मागणी सोडा. चुकीची नोंद आणि झालेला मनस्ताप एवढ्यापुरतीच तक्रार ठेवा.

टोकनची पावती आणि फ्लॅटचा कागद मात्र पुन्हा वाचा. कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत, अशी एखादी ओळ असेल तर ते दोन लाख मागायचे फ्लॅट विकणाऱ्याकडे.