वास्तुशास्त्र न शिकलेल्या चित्रकाराच्या इमारतींना सेंद्रिय वास्तुकला म्हणता येईल का?

आपण विचारले आहे की, वास्तुशास्त्राची पदवी नसलेल्या एखाद्या कलावंताने सेंद्रिय वास्तुकलेत, म्हणजे निसर्गाशी आणि राहणाऱ्याशी एकजीव होऊन इमारत घडवण्याच्या विचारात, खरोखर काही भर घातली आहे का, की अशा इमारती म्हणजे केवळ भिंतींवर चढवलेले चित्र असते. ऑस्ट्रियाचे चित्रकार फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर यांच्या आधाराने उत्तर देतो, कारण हा आक्षेप त्यांच्यावर हमखास घेतला जातो. माझ्या मते त्यांच्या इमारतींचे रंग आणि वाकडेतिकडेपणा ही दुय्यम बाब आहे. घरावर राहणाऱ्याचा आणि झाडांचाही हक्क असतो, हे त्यांनी ज्या हट्टाने मांडले आणि एका महापालिकेच्या गळी उतरवले, ते त्यांचे खरे काम.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९२८ रोजी व्हिएन्नात झाला. मूळ नाव फ्रीड्रिख श्टोवासर. वडील लवकर वारले. आई ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत मायलेकांना जीव मुठीत धरून दिवस काढावे लागले आणि १९४३ मध्ये आईकडचे ६९ नातलग मारले गेले. १९४८ मध्ये व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीत त्यांनी प्रवेश घेतला, तोही जेमतेम तीन महिन्यांपुरता. पुढची कीर्ती चित्रकार म्हणूनच मिळाली. इमारतींकडे ते प्रत्यक्ष वळले तेव्हा पन्नाशी गाठली होती, मात्र त्यामागचा विचार वीस वर्षे आधीच तयार होता.

१९५८ मध्ये ऑस्ट्रियातल्या झेकाऊच्या मठात त्यांनी जो जाहीरनामा वाचून दाखवला, त्यात फूटपट्टीने आखलेल्या सरळ रेषेवर त्यांनी सडकून टीका केली आणि चक्क बुरशीचे स्वागत केले. दाढीच्या पात्यावर गंज चढतो, भिंतीला बुरशी धरते, कोपऱ्यात शेवाळ येऊन काटकोन गोलसर होतो, तेव्हा घरात जीव शिरला म्हणून आनंद मानावा, असे त्यांचे म्हणणे होते. (दर पावसाळ्यात ओल आलेल्या भिंती खरवडणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे सहजासहजी पटायचे नाही.) पण त्याच जाहीरनाम्यातला दुसरा मुद्दा अधिक टिकाऊ ठरला: वास्तुविशारद, गवंडी आणि राहणारा ही तीन माणसे एकमेकांपासून तुटली की इमारत निर्जीव होते. यातूनच पुढे त्यांचा ‘खिडकीचा हक्क’ आला. भाडेकरूला खिडकीतून बाहेर वाकून हात पोहोचेल तेवढा गिलावा खरवडता यावा, लांब दांड्याचा ब्रश घेऊन तेवढी भिंत हवी तशी रंगवता यावी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला लांबूनच कळेल की इथे शेजाऱ्यापेक्षा वेगळा कोणीतरी राहतो. त्याच्या जोडीला ‘वृक्ष-भाडेकरू’: खिडकीतून बाहेर झुकलेले झाड, जे भाडे पैशांत नव्हे तर प्राणवायू, सावली आणि धूळ गाळण्याच्या रूपाने देते. १९७३ मध्ये मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी भर शहरातल्या खिडक्यांमध्ये अशी झाडे लावून दाखवली.

हे विचार विटामातीत उतरवण्याची संधी सरकारी घरांच्या योजनेतून मिळाली. १९७७ मध्ये ऑस्ट्रियाचे चान्सलर (सरकारचे प्रमुख) ब्रुनो क्रायस्की यांनी व्हिएन्नाच्या महापौरांना पत्र लिहून, या चित्रकाराला एक घर बांधू द्यावे, असे सुचवले. महापालिकेने वास्तुविशारद योझेफ क्राविना यांना सोबत दिले. परंतु त्यांनी केलेले प्रारूप सरळ रेषांचेच आहे, असे म्हणत हुंडर्टवासर यांनी ते नाकारले. पुढचे काम पीटर पेलिकान यांच्याबरोबर झाले आणि १९८५ मध्ये सुमारे ५० सदनिकांची इमारत पूर्ण झाली. गच्च्यांवर माती भरून सुमारे २५० झाडे-झुडपे लावली गेली. आपल्या कामाचा मोबदला हुंडर्टवासर यांनी घेतला नाही. त्या जागी काहीतरी कुरूप उभे राहण्याचे टळले, एवढे त्यांना पुरे होते. मात्र श्रेयाचा वाद कोर्टात गेला आणि २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्राविना यांना सहनिर्माते ठरवले. तेव्हा पदवीधराच्या मदतीवाचून हे घर झाले, असे कोणी सांगितल्यास मानू नये.

आपली शंका पुरेपूर लागू पडते ती व्हिएन्नातल्या श्पिटेलाऊच्या कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाला. १९८७ च्या आगीनंतर त्याची पुनर्रचना झाली, तेव्हा धूर शुद्ध करण्याची अद्ययावत यंत्रणा बसवण्याची हमी मिळाल्यावरच हुंडर्टवासर त्याचे बाह्यरूप घडवायला राजी झाले. सोनेरी गोळा मिरवणारी ती चिमणी आज व्हिएन्नाची ओळख आहे, तरीही आतला कारखाना कारखान्यासारखाच आहे आणि कलावंताचा हात बाहेरच्या कवचापुरता, असे मला वाटते. सेंद्रिय वास्तुकलेचे अमेरिकन पुरस्कर्ते फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे शिकून आलेले आपल्याकडचे वास्तुविशारद नारी गांधी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते. कागदावर नकाशे फारसे न काढता, कारागिरांबरोबर जागेवर उभे राहून त्यांनी अलिबाग-लोणावळा परिसरात घरे घडवली, आणि तिथे आकार व बांधकाम वेगळे काढताच येत नाही.

हुंडर्टवासर यांचे काम त्या टोकाच्या सर्वांत जवळ जाते ते न्यूझीलंडमधल्या कावाकावा या छोट्या गावातल्या सार्वजनिक शौचालयात. हे गाव त्यांच्या तिथल्या घराजवळचे. १९९९ च्या या बांधकामात पाडलेल्या बँकेच्या इमारतीच्या विटा वापरल्या, स्थानिक विद्यार्थ्यांनी फरश्या घडवल्या, रिकाम्या बाटल्या भिंतीत बसवून खिडक्या केल्या आणि जागेवरचे जिवंत झाड न तोडता इमारतीत सामावून घेतले. मानवी मैल्याचे खत करणारे शौचालय ते स्वतः वापरत आणि त्याचा प्रचारही करत, त्यामुळे हे काम त्यांनी कमी दर्जाचे मानले नसावे. फेब्रुवारी २००० मध्ये प्रशांत महासागरात, जहाजावर, त्यांचे निधन झाले आणि इच्छेप्रमाणे न्यूझीलंडमधल्या त्यांच्याच जमिनीत, शवपेटीविना, एका झाडाखाली त्यांना पुरण्यात आले.

व्हिएन्नाला जाणे झाले, तर केगेलगासेवरची ती निवासी इमारत बाहेरूनच पाहता येईल, कारण तिथे आजही लोक राहतात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर जुन्या फर्निचर कारखान्यात १९९१ मध्ये उघडलेले ‘कुन्स्टहाउस’ हे संग्रहालय आहे. त्याची जमीन मुद्दाम उंचसखल ठेवली आहे. मी तिथे गेलो होतो, तेव्हा भिंतीवरच्या चित्रांइतकेच लक्ष पायांखाली ठेवावे लागत होते, आणि वयस्कर मंडळी सोबत असतील, तर हे आधी सांगून ठेवलेले बरे.