मॉरिशसपासून सुरुवात करताय? मग एवढं सांभाळा

छोट्या देशांच्या अभ्यासासाठी मॉरिशस निवडलंत, झकास. फक्त सगळं एकदम वाचायला जाऊ नका.

आधी नकाशा उघडा. हे एकच बेट नव्हे; साडेपाचशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला रॉड्रिग्ज आहे, 2002 पासून स्वायत्त. नवखे ते हमखास विसरतात.

मग माणसं, आणि इथे वेळ द्या. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर आले. त्यांत मराठी घरंही होती. गणेश चतुर्थीला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते. पण म्हणून 'छोटा भारत' म्हणून मोकळे होऊ नका. आफ्रिकी, चिनी, फ्रेंच वंशाचे लोक मग राहूनच जातात. घरात बोलणं क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली स्थानिक भाषा), संसदेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच!

सरकारचं थोडक्यात:
- राष्ट्रपती नामधारी, सूत्रं पंतप्रधानांकडे.
- स्वातंत्र्य 1968, प्रजासत्ताक 1992. या सालांची अदलाबदल फार होते.

'बेस्ट लूझर' जागांची, म्हणजे समाजगटांचा समतोल राखायला हरलेल्या उमेदवारांना मिळणाऱ्या संसदेतल्या जागांची भानगड सध्या सोडा, डोकं भणभणेल.

अर्थव्यवस्थेत उसापाशीच अडकू नका. 1970 नंतर कापडउद्योग वाढला, पुढे पर्यटन आणि वित्तसेवा. चागोस बेटांवरून ब्रिटनशी झालेला वाद सगळ्यात शेवटी वाचा.