टेम्पोची मागून धडक : बाळाच्या कारसीटचे पैसे कोण देणार?

प्रश्न : आम्ही वाकडला राहतो. नऊ आठवड्यांपूर्वी सिग्नलला थांबलेलो असताना मागून टेम्पोने धडक दिली. बंपर आणि डिकीचं दार चेपलं, पण एअरबॅग उघडल्या नाहीत आणि गाडी चालवतच घरी आणली. अडीच वर्षांचा मुलगा मागे कारसीटमध्ये पट्टे लावून बसला होता. त्याच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला म्हणून त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं. गाडीचं काम आमच्या विम्यातून झालं. सीट मात्र ‘गाडीचा भाग नाही, शिवाय तुटलेलीही दिसत नाही’ असं सांगून विमा कंपनीच्या सर्व्हेअरने तोंडीच नाकारली. सीट १८,५०० रुपयांची, १४ महिने वापरलेली आहे. टेम्पोमालक ४,००० रुपये द्यायला तयार आहे, पण ‘आता काही देणंघेणं उरलं नाही’ असं लिहून मागतोय. सीट बदलायलाच हवी का? आणि पैसे कोणाकडून मागायचे?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. ४,००० घेऊन ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ लिहून दिलीत, की पुढच्या प्रत्येक मागणीला टेम्पोमालक तोच कागद दाखवेल. पैसे घ्यायचेच असतील तर पावतीवर ‘कारसीटच्या नुकसानीपोटी अंशतः रक्कम मिळाली, उर्वरित मागणीचा हक्क राखून’ एवढं तुमच्या हाताने लिहा आणि त्याची सही घ्या.

आता सीटकडे वळू, कारण तुमचा सगळा दावा तिच्या माहितीपुस्तिकेतल्या एका वाक्यावर उभा आहे. पुस्तिका शोधा; हरवली असेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तुमच्याच मॉडेलची उतरवून घ्या. बरेच उत्पादक स्पष्ट लिहितात की कोणत्याही अपघातानंतर, वरून काही दिसत नसलं तरी, सीट बदला. यामागे कारण आहे. धक्क्याचा भार पट्ट्यांच्या धाग्यांवर आणि शिवणीवर येतो, आयसोफिक्सचे, म्हणजे सीट गाडीला जोडणारे, आकडे किंचित वाकू शकतात, आणि कापडाखालचा थर्मोकोलसारखा फोम तडकला तर कव्हर काढल्याशिवाय दिसत नाही. म्हणून कव्हर काढून फोम, पट्ट्यांची शिवण, बकल, आकडे आणि प्लास्टिकवर उमटलेल्या पांढुरक्या रेषा यांचे जवळून फोटो घ्या. सीटवरचं लेबल, अनुक्रमांक आणि उत्पादनाची तारीख फोटोत यायलाच हवी.

समोरची बाजू अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेचा, एनएचटीएसएचा, निकष पुढे करू शकते. किरकोळ अपघातानंतर सीट बदलणं दरवेळी गरजेचं नाही, असं ती संस्था सांगते. पण अपघात किरकोळ ठरायला तिच्या पाच अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात : गाडी चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत राहिलं, एअरबॅग उघडल्या नाहीत, सीटवर नुकसान दिसत नाही आणि गाडीतल्या कोणालाही इजा झाली नाही. शेवटच्या अटीसाठी तुमच्याकडे त्या संध्याकाळचा केसपेपर आहे. तो जपून ठेवा, पण वळाला मोठी दुखापत म्हणून रंगवू नका; एक अतिशयोक्ती उघडी पडली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. शिवाय उत्पादकाच्या सूचना पाळा, असं तीच संस्था सांगते. तुमच्या पुस्तिकेत ‘फक्त गंभीर अपघातानंतर बदला’ असं असेल तर दावा कमकुवत होतो, हेही आधीच सांगून ठेवतो. अशा वेळी उत्पादकाला फोटो आणि अपघाताचं वर्णन ईमेलने पाठवून लेखी सल्ला मागा. ‘वापरू नका’ असं उत्तर आलं तर ते पुस्तिकेइतकंच कामाचं.

अपघातातली सीट पुन्हा लावली म्हणून दंड होईल असं कलम नाही. पण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालसीटने बांधल्याशिवाय गाडी चालवली तर १,००० रुपये दंड आहे, आणि अडीच वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट नीट बसतच नाही. म्हणजे बालसीटशिवाय तुमची गाडी मुलासह कायदेशीर आणि सुरक्षितपणे बाहेर निघू शकत नाही. नव्या सीटचा खर्च चैनीचा नाही, अपघाताने थेट ओढवलेला आहे, हा मुद्दा नोटिशीत जरूर लिहा. दाव्याच्या निकालाची वाट बघत जुनी सीट वापरू नका. त्याच दर्जाची नवी घ्या, पक्कं बिल घ्या. ३२,००० ची घेतलीत तरी भरपाई जुन्या दर्जाच्या सीटचीच मिळेल.

पैशांसाठी पहिला माणूस टेम्पोमालक आणि त्याची विमा कंपनी. थांबलेल्या गाडीला मागून धडक बसली आहे, आणि पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर ठेवणं २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार मागच्या चालकाचं काम आहे. टेम्पोच्या नंबरावरून एमपरिवहन ॲपवर विमा कंपनी आणि विम्याची मुदत बघा. तपशील अपुरा असेल तर पोलीस ठाणं किंवा आरटीओकडे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६० खाली अर्ज करा. भरपाई मागणाऱ्याला ठरलेलं शुल्क घेऊन ही माहिती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पोलिसांत अजून काही दिलं नसेल तर अपघाताचं निवेदन आजच द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. सिग्नलच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याची विनंतीही त्यातच करा. नऊ आठवडे उलटलेत, ते पुसलं गेलं असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून तुमचा डॅशकॅम असेल तर त्याची मूळ फाइल हलवू नका. प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेलं, तर तिथे ती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

खासगी किंवा मालवाहू गाडीच्या विम्यात तिऱ्हाइताच्या मालमत्तेचं नुकसान साधारण ७.५ लाखांपर्यंत येतं. हप्ता वाचवायला मालकाने ही मर्यादा ६,००० वर आणली असेल, तर वरची रक्कम त्याच्या खिशातून. विमाच नसेल तर सगळीच त्याच्याकडून.

मागणी किती करायची? सीटवर छापलेली वापराची मुदत बघा. ती ७ वर्षं, म्हणजे ८४ महिने, असेल तर १४ महिन्यांत सहावा हिस्सा वापरून झाला. १८,५०० मधून ३,०८३ वजा जाता १५,४१७ उरतात. नव्या सीटचं बिल जोडून पूर्ण रकमेची मागणी करा, पण तडजोडीत १५,४०० च्या खाली उतरू नका. नोटीस मालक आणि विमा कंपनी, दोघांना स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि १५ दिवसांची मुदत द्या.

दुसरा मार्ग तुमच्याच विम्याचा. सर्व्हेअरचा तोंडी नकार म्हणजे काहीच नाही. कारण आणि पॉलिसीतली अट लेखी मागा. प्रचलित पॅकेज पॉलिसीत वाहन आणि ‘वाहनावर असलेली ॲक्सेसरीज’ अशी शब्दरचना असते, त्यावर बोट ठेवा. कंपनी म्हणेल की ॲक्सेसरीची किंमत पॉलिसीच्या तक्त्यात वेगळी दाखवलेली नाही. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून इथल्या यशाची खात्री देत नाही. कॅलिफोर्नियासारखं अपघातावेळी वापरात असलेली बालसीट विम्यातूनच बदलून देण्याचं बंधन आपल्याकडे नाही. तरी मागणी करायला तुमचं काही जात नाही : बंपरच्या क्लेममुळे एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, तसाही गेलेला आहे. सक्तीची १,००० किंवा २,००० ची वजावट एका क्लेमला एकदाच असते. ती बंपरच्या बिलात कापली असेल तर सीटवर पुन्हा कापू देऊ नका. प्लास्टिकचा ५० टक्के घसारा लावला तर ९,२५० हाती येतील, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा संरक्षण, असेल तर जास्त. ९,२५० मिळाले, तर टेम्पोवाल्याकडून फक्त उरलेले ६,१६७ मागायचे. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत, आणि ही गोष्ट लपवलीत तर दोन्हीकडे अडचणीत याल.

लेखी नकार आला किंवा तक्रारीनंतर महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. शुल्क नाही आणि वकील चालत नाही. अर्ज तुम्हीच करायचा. पुण्यात कार्यालय आहे. हा मार्ग फक्त तुमच्या कंपनीविरुद्ध. टेम्पोच्या विमा कंपनीचे तुम्ही ग्राहक नाही, म्हणून तिच्याविरुद्ध ना लोकपाल, ना ग्राहक आयोग.

टेम्पोच्या विमा कंपनीसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६५ मध्ये मालमत्तेचं नुकसानही येतं आणि तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अर्ज मालमत्तेच्या मालकाचा लागतो. गाडी एकाच्या नावावर आणि सीटचं बिल दुसऱ्याच्या असेल तर दोघांनीही अर्जदार व्हा. मुदत अपघातापासून सहा महिने, कलम १६६(३). या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्याकडे जेमतेम चार महिने उरलेत, म्हणून नोटीस या आठवड्यातच जाऊ द्या. फक्त पंधरा हजारांसाठी तारखा मोजणं कोणालाही नकोसं वाटेल. अशा रकमेचे वाद बहुतेक नोटिशीनंतर, नाहीतर लोकअदालतीत मिटवणं शहाणपणाचं.

तोवर जुनी सीट फेकू नका, विकू नका, ओळखीच्यांनाही देऊ नका. तोच तुमचा पुरावा आहे. भरपाई दिल्यावर विमा कंपनी ती मागू शकते, तेव्हा पावती घेऊन द्या. मागितली नाही तर पट्टे कात्रीने कापा, पाठीवर मार्करने ‘अपघातग्रस्त, वापरू नये’ लिहा आणि मगच भंगारात द्या, म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या बाळाच्या गाडीत पोहोचणार नाही.