इराणी माहितीपट: सुरुवात कुठून करशील?

बातम्यांतल्या इराणपासून सुरुवात करू नकोस. आधी १९२५चा ‘ग्रास’ बघ. इराणमधले भटके बख्तियारी लोक चाऱ्यासाठी गुराढोरांसह कारून नदी ओलांडतात, फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून. पुढे बर्फातून झर्द कुह चढतात, कितीतरी जण अनवाणी. मूकपट आहे, पण पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्यांतून बोलते ती तो बनवणाऱ्या अमेरिकी पाहुण्यांची नजर. ती ओळखायला शीक.

मग लगेच ‘सोनिता’ (२०१५). तेहरानमध्ये राहणारी अफगाण निर्वासित मुलगी रॅप गाते आणि घरचे पैशांसाठी तिचं लग्न लावायला निघतात. दिग्दर्शिका कॅमेऱ्यामागून पुढे येते, लग्न लांबवायला स्वतः पैसे देते. मी तिथे चित्रपट थांबवून बराच वेळ नुसती बसले होते. तूही थांब. तिने योग्य केलं का, ते वहीत लिही आणि मगच पुढे बघ.

सबटायटल वाचताना चेहरे निसटतात, म्हणून दुसऱ्यांदा बघायचंच.