एकच गाणं, दोन गळे

वाचकांचे प्रश्न : जॅझ गायन

प्रश्न : आम्ही आठ जण महिन्यातून एकदा जॅझ ऐकायला जमतो. प्रत्येक जण आवडीची चार-पाच गाणी आणतो. तासाभरात सगळं सारखंच वाटायला लागतं आणि गप्पा सुरू होतात. काय चुकतं? (कोल्हापूर)

उत्तर : गाणी फार होतात, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. चाळीस गाण्यांत कानानं धरायचं काय? त्यापेक्षा एकच गाणं दोन गळ्यांतून ऐकवा.

व्हर्नन ड्यूकची 1932 सालची चाल घ्या, ‘एप्रिल इन पॅरिस’. आधी 1956च्या ‘एला अँड लुई’ या अल्बममधलं लावा. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग गातात. साथीला ऑस्कर पीटरसनचा पियानो, हर्ब एलिसची गिटार, रे ब्राउनचा बेस आणि बडी रिचचे ड्रम्स. त्यापाठोपाठ सारा व्हॉननं 1954 साली क्लिफर्ड ब्राउनच्या ट्रम्पेटसोबत गायलेलं. लय दोन्हीकडे संथ. एला चाल सरळ मांडते, शब्द लख्ख. लुई तीच चाल बोलल्यासारखी तुकड्यातुकड्यांनी टाकतो. सारा एकेक अक्षर लांबवते, स्वरावरून स्वरावर घसरत खाली खर्जाकडे जाते. बंदिश तीच, घराणं निराळं. हा फरक एकदा कानात बसला की गप्पासुद्धा गाण्याबद्दलच होतात.

दीड तासाला अशा चार जोड्या भरपूर झाल्या. दोन्ही गाण्यांचा आवाज मात्र सारखा ठेवा. एक-दोन डेसिबलनं मोठं वाजणारं गाणं उगाचच सरस वाटतं, आणि वेगवेगळ्या काळच्या आवृत्त्यांत याहून जास्त फरक असतो. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप श्रोत्यांच्या खुर्चीवर ठेवून दोन्ही जुळवून घ्या. गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपमधला ‘क्रॉसफेड’ (एक गाणं संपता संपताच पुढचं सुरू करणारी सोय) बंद करा. नाहीतर गाण्याचा शेवटचा, विरत जाणारा स्वर पुढच्या गाण्याखाली गाडला जातो.

प्रश्न : स्कॅट म्हणजे आपली सरगमच का? (नाशिक)

उत्तर : नाही. सरगमीत स्वराचं नाव उच्चारतो. स्कॅटमधली अक्षरं निरर्थक असतात. ती ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनच्या फुंकीसारखा आघात गळ्यातून काढण्यासाठी असतात. तराण्याची आठवण येते खरी, पण तराणा बहुधा बांधलेला असतो, स्कॅट तिथल्या तिथे घडतं.

ते कशावर घडतं हे कळलं की खरी गोडी लागते. बरीचशी गाणी 32 बारची (एक बार चार मात्रांचा), म्हणजे 128 मात्रांची असतात. 8 बारचा एक भाग दोनदा, मग 8 बारचा वेगळा भाग, मग पहिला पुन्हा. हे आवर्तन संपलं की तीच कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची) रांग नव्यानं सुरू होते आणि गायिका तिच्यावर नवी चाल रचते. सारा व्हॉनचं ‘ललबाय ऑफ बर्डलँड’ लावून बोटांवर बार मोजा. शब्द सोडून वाद्यांशी सवाल-जवाब चालतात, तेव्हाही खालची रांग हलत नाही.

आपल्याकडचा श्रोता इथे एका ठिकाणी हमखास चुकतो. समेची सवय असल्यामुळे तो पहिल्या मात्रेवर टाळी देतो. जॅझमध्ये टाळी किंवा चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिलीवर दिलीत तर गाण्यातला झोका मरतो.

मग एलाचं बर्लिनमधलं 1960 सालचं ‘हाऊ हाय द मून’ ऐका. स्कॅट करता करता ती सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची ‘ऑर्निथॉलॉजी’ ही धून ओवते. ती धून याच गाण्याच्या कॉर्ड्सवर बांधलेली असल्यामुळे अलगद बसते.

प्रश्न : बिली हॉलिडेचा ‘लेडी इन सॅटिन’ मित्राला दिला. आवाज फाटका आहे म्हणून त्यानं परत केला. (पुणे)

उत्तर : अल्बम थोर आहे, पण ओळख तिथून करून देऊ नये. तो 1958चा, पुढच्याच वर्षी ती गेली. गळा थकलेला आहे आणि मागे व्हायोलिनांचा मोठा ताफा आहे. आधी 1937ची टेडी विल्सनच्या वाद्यवृंदातली तीन-तीन मिनिटांची गाणी द्या, ‘धिस इयर्स किसेस’ किंवा ‘मीन टू मी’. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन आहे. बिलीच्या गळ्याचा पल्ला लहान, ताना नाहीत. शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकण्यात तिची सगळी करामत. जुन्या रेकॉर्डची खरखर पूर्ण पुसलेल्या आवृत्त्या टाळा. त्या सफाईत श्वास आणि झांजेची चमकही निघून जाते.

प्रश्न : भावगीत आवडणाऱ्या आईला काय ऐकवू? (ठाणे)

उत्तर : सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि गायक जॉनी हार्टमन यांचा 1963चा अल्बम. सहाच गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. पुरुषाचा खालचा, मऊ आवाज, संथ लय, आणि गाणाऱ्याला जागा देणारा सॅक्सोफोन. रात्री, हळू आवाजात लावा.

प्रश्न : जॅझ गाणारा मुंबईचा आवाज कुणाचा? (डोंबिवली)

उत्तर : आशा पुथली. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या 1972च्या अल्बममध्ये तिची दोन गाणी आहेत, ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’. इथे 32 बार मोजू नका. कोलमन ठरलेल्या कॉर्ड्सवर वाजवतच नाही. वाद्यांचा गलका चाललेला असताना तिचा लांब, स्थिर स्वर धरून ठेवा. कोकणीत हवं असेल तर ख्रिस पेरीच्या चालींवर गोव्याची गायिका लॉर्ना ऐका. तिथले ट्रम्पेट-सॅक्सोफोन थेट जॅझ बँडमधून आलेले आहेत.